फ्राउ फोस काय म्हणत होत्या

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातलं ते घर डोंगराच्या उतारावर होतं. रस्त्यावरून पाहिलं तर एकमजली, मागच्या अंगाने दुमजली. वर जर्मन घरमालकीण डॉ. इर्मगार्ट फोस राहायच्या आणि खालच्या दोन खोल्यांत अनुया आणि काशिनाथ. दोघं पंचाण्णवच्या मार्चमध्ये पुण्याहून आले होते. काशिनाथ फार्मसिस्ट. इथली नोंदणीची परीक्षा अजून व्हायची होती, तोवर शहरातल्या एका फार्मसीत मदतनीस म्हणून काम करत होता. अनुया पुण्यात कॉलेजात जर्मन शिकवायची. इथे तिच्या जर्मनचं कुणाला काही काम नव्हतं.

एकदा मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना वाऱ्याने फोसबाईंची, जर्मन रीतीने म्हणायचं तर फ्राउ फोसांची, चादर दोरीवरून उडाली. म्हातारीने जर्मनमध्ये एक सणसणीत शिवी हासडली. अनुयाला हसू आवरेना. चादर उचलून देताना ती जर्मनमध्येच म्हणाली, "वारा तुमचं ऐकणार नाही, तो वेलिंग्टनचा आहे."

फ्राउ फोसांनी मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं.

"कुठे शिकलात?"

"पुण्यात."

"मध्ययुगीन वाचलंय?"

"एम.ए.ला एक पेपर होता. जेमतेम आठवतंय."

"उद्या तीन वाजता वर या."

फ्राउ फोसांनी पंचवीस वर्षं विद्यापीठात जर्मन शिकवलं होतं. आता ऐंशीला टेकल्या होत्या आणि त्यांना समोरचं दिसत नव्हतं. कडेकडेचं दिसायचं, मधोमध नुसता काळा डाग. सगळी हयात त्यांनी एकाच काव्यावर घालवली होती. तेराव्या शतकातल्या कुणा निनावी कवीचं, साडेचार हजार ओळींचं आणि शेवट हरवलेलं. ते पुन्हा एकदा अथपासून ऐकायचं होतं, आणि वाचून दाखवणारं माणूस हवं होतं.

अनुया रोज तीनला वर जायला लागली. पहिल्या आठवड्यात तिच्या उच्चारांवर फ्राउ फोस कपाळाला हात लावायच्या. दुसऱ्या आठवड्यात गप्प बसून ऐकायला लागल्या. नायक होता राइनवार्त नावाचा सरदार. रानात वाट चुकून तो एका गढीवर येतो. तिथे त्याचं इतकं अगत्य होतं की विचारता सोय नाही. हात धुवायला सुगंधी पाणी, अंगावर मऊ लोकरीचा झगा, पंक्तीत यजमानाच्या उजव्या हाताला जागा. मेणबत्त्या, वीणा, अदबीने झुकणारे सेवक. फक्त एकच गोष्ट घडत नाही. गढीचा दरवाजा उघडत नाही. आणि पाहुण्याने यजमानाला असला प्रश्न विचारणं दरबारी रीतीत बसत नसल्यामुळे राइनवार्त विचारत नाही. आधीपासून तिथे अडकलेली आडेलिंट नावाची स्त्रीही हसतमुखाने पंक्तीत बसते. कुणीच काही बोलत नाही. पानामागून पान सौजन्य वाढत जातं, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

"भुतं नाहीत, राक्षस नाहीत," फ्राउ फोस म्हणायच्या, "आणि तरी मला चाळीस वर्षं याची भीती वाटते. का, सांगा."

अनुयाला तेव्हा सांगता आलं नाही.

जुलैत फ्राउ फोसांना पक्षाघाताचा झटका आला. सहा आठवडे हॉस्पिटलात होत्या. ऑगस्टअखेर घरी आल्या तेव्हा बरोबर ग्रॅहम होता. ग्रॅहम त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा पहिल्या बायकोपासूनचा मुलगा. पन्नाशीचा, उंच, हळू आवाजात बोलणारा. लाकडाच्या वखारीत देखरेखीचं काम करायचा. तो आपलं घर सोडून सावत्र आईची काळजी घ्यायला आला, याचं गल्लीत सगळ्यांना कौतुक होतं. कोपऱ्यावरच्या डेअरीची, म्हणजे किराणा दुकानाची, मालकीण म्हणायची, असा मुलगा पोटचा असता तरी मिळाला नसता.

अनुया पुस्तक घेऊन वर गेली तेव्हा ग्रॅहमने दार अर्धंच उघडलं.

"फार बरं वाटलं तुम्ही आलात," तो म्हणाला. "पण डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. थोडे दिवस कुणी न आलेलं बरं. चालेल ना?"

"चालेल की."

"स्वीट अ‍ॅज," तो इथल्या पद्धतीने 'छान' म्हणून हसला, आणि दार हलकेच लागलं.

त्यानंतर आवाज सुरू झाले.

काशिनाथ सकाळच्या ट्रेनने निघून जायचा. आठ वाजता ग्रॅहमची गाडी उतारावरून खाली जायची. मग घरात अनुया खाली आणि फ्राउ फोस वर. पहिल्यांदा तिला वाटलं, म्हातारी चालायचा सराव करतेय. पण ती पावलं नव्हती. एक जड वस्तू फरशीवरून इंच इंच सरकायची, मग थांबायची. पुन्हा सरकायची. खर्र. खर्र. दहा-दहा मिनिटं. मग एक बारीक, एकसुरी आवाज, कुणी पाढे म्हणावेत तसा. शब्द कळायचे नाहीत. दुपारी ग्रॅहम जेवायला यायचा, तेव्हा सगळं एकदम शांत व्हायचं.

अनुयाला त्या शांततेची जास्त भीती वाटायला लागली. स्वयंपाक करता करता ती हात थांबवून छताकडे बघायची. रेडिओ लावला तर ऐकू येणार नाही म्हणून लावायची नाही, आणि ऐकू आलं की लावायला हवा होता असं वाटायचं. एकदा ती जिना चढून वर गेली. दार ठोठावलं. आतला आवाज टपकन थांबला. तिने हाक मारली, "फ्राउ फोस?" आतून काहीतरी जोरात आपटलं. अनुया घाबरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली आणि आपल्या दाराला आतून कडी घालून बसली. नंतर तिची तिलाच लाज वाटली.

काशिनाथला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाची खुर्ची सरकते. त्यात काय आहे?"

"अहो, तिला धड उभं राहता येत नाही. खुर्ची सरकवते कोण?"

 तो म्हणाला, "अनुया, आपण त्यांच्या घरात राहतो. माझी परीक्षा नोव्हेंबरात आहे. उगाच काही काढू नकोस."

तिलाही काही काढायचं नव्हतं. परक्या देशात एका भल्या म्हणवल्या जाणाऱ्या माणसाकडे बोट दाखवायचं, आणि ते खोटं ठरलं तर?

ऑक्टोबरच्या शेवटाकडे, एका रविवारी, ग्रॅहम स्वतः खाली आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"एक विनंती होती. ती फार अस्वस्थ असते. तुम्ही पूर्वी वाचून दाखवायचात ना? त्याने कदाचित शांत होईल."

अनुया पुस्तक घेऊन वर गेली. फ्राउ फोस खिडकीशी लाकडी हातांच्या जड खुर्चीत बसल्या होत्या. केस विंचरलेले, अंगावर स्वच्छ गाऊन, मांडीवर घडी घातलेलं ब्लँकेट. खोलीत लॅव्हेंडरचा वास. बशीत बिस्किटं मांडलेली. सगळं इतकं नीटनेटकं होतं की अनुयाला क्षणभर हायसं वाटलं. मग तिला दिसलं, फ्राउ फोसांच्या गाऊनच्या बाह्या अंगठ्यापर्यंत ओढलेल्या आहेत.

"टुओट ऊफ दास टोर," फ्राउ फोस म्हणाल्या. शब्द अगदी स्पष्ट.

"एवढंच बोलते," ग्रॅहम म्हणाला. "ना इंग्रजी, ना जर्मन. दिवसभर हेच. काय आहे ते?"

"त्यांच्या काव्यातली ओळ आहे. 'दरवाजा उघड.'"

"अस्सं." तो दाराला टेकून उभा राहिला. "वाचा ना. मी आहे इथेच."

अनुया वाचत राहिली. तो ऐकत होता की पाहत होता, कळत नव्हतं. फ्राउ फोसांचं राइनवार्तकडे लक्षच नव्हतं. त्या मान जराशी तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने, अनुयाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मध्येच पुन्हा म्हणाल्या, "टुओट ऊफ दास टोर." सावकाश. मूर्ख विद्यार्थ्याला तिसऱ्यांदा सांगावं तशा.

खाली आल्यावर अनुयाने ती ओळ शोधली. तिसऱ्या भागात आडेलिंट अखेर सगळी रीतभात सोडून दरवाजापाशी जाते आणि द्वारपालाला हुकूम करते. छापलेली ओळ होती, 'टुओ ऊफ दास टोर.' टुओ. शेवटचा 'ट' नव्हता.

तिने पुन्हा वाचलं. द्वारपाल नोकर आहे, म्हणून आडेलिंट त्याला अरे-तुरे करते. 'उघड.' शेवटी ट लावला की ते 'उघडा' होतं. आदरार्थी. ज्या बाईने चाळीस वर्षं या काव्यातलं एकेक अक्षर तपासलं, ती ओळ चुकीची कशी म्हणेल? आणि नेमकी तीच चूक, दर वेळी?

फ्राउ फोस तिला पहिल्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणत आल्या होत्या.

 म्हातारी काव्य म्हणत नव्हती. ती बोलत होती. तिच्याशी.

त्याच दिवशी संध्याकाळी तिने श्यामलाताईंना फोन लावला. श्यामलाताई नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या आणि त्यांना या देशात बारा वर्षं झाली होती.

"होतं असं," त्या म्हणाल्या. "झटक्यानंतर बोलणं जातं, पण पाठ केलेलं राहतं. कुणाला प्रार्थना येते, कुणाला गाणं. पण बाहीखाली काय आहे ते पाहिलंस का तू?"

"नाही. तो तिथेच उभा होता."

"बरं. मी त्या भागात घरोघर जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सला सांगते. सोमवारी ती तिकडे असते, पण उद्या लेबर डेची सुट्टी आहे, म्हणजे पुढच्या सोमवारी. तोवर तू एकटी वर जाऊ नकोस."

आठ दिवस. अनुयाने ते दिवस कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ग्रॅहम जिन्यात भेटला की ती "मॉर्निंग" म्हणायची, तोही म्हणायचा. एकदा त्याने तिच्या हातातली खरेदीची पिशवी दारापर्यंत आणून दिली. तिच्या मनात येत होतं, याला कळलंय. मग वाटायचं, कळण्यासारखं काही नसेलच, आपलंच डोकं फिरलंय.

शुक्रवारी दक्षिणेचा वारा सुटला. सकाळपासून घर करकरत होतं, पाऊस आडवा येत होता. बाराच्या सुमाराला वर खर्र खर्र सुरू झालं. नेहमीपेक्षा जोरात. मग धाड्‌कन आवाज आला आणि खालचा दिवा हलला. त्यानंतर काहीच नाही.

अनुया छताकडे बघत उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि तिला वास आला. लोकर जळल्याचा.

श्यामलाताईंचं बोलणं तिला आठवलं.  तरी ती कठडा धरून जिना चढली. पुढचं दार बंद. मागे धुण्याच्या खोलीच्या दाराला काचेचं तावदान होतं. बाहेर ग्रॅहमचे गमबूट पडले होते. तिने एक उचलला आणि टाचेकडून काचेवर हाणला. पहिल्या फटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला काच फुटली. हात घालून कडी काढताना मनगटाला ओरखडा उठला, तो तिला संध्याकाळी दिसला.

बोळ धुराने निळसर झाला होता. फ्राउ फोसांच्या खोलीच्या दाराला बाहेरून नवा कोरा बोल्ट होता. स्क्रू अजून चमकत होते.  पाच दिवस आपण कशाची वाट बघत होतो?

तिने बोल्ट ओढला. आत खुर्ची आडवी पडली होती आणि फ्राउ फोस खुर्चीसकट. कमरेला सामान बांधायचा पट्टा, दोन्ही मनगटं गाऊनच्या पट्ट्यांनी खुर्चीच्या हातांना बांधलेली. खुर्ची सरकवत सरकवत त्या दारापासून दोन हातांवर आल्या होत्या. ब्लँकेट मात्र हीटरवर पडलं होतं आणि त्यातून धूर निघत होता. अनुयाने प्लग उपटला, ब्लँकेट बोळात ओढून नेलं, त्यावर फुलदाणीतलं पाणी ओतलं, ते पुरेना म्हणून पायांनी तुडवलं. मग परत येऊन गाठी सोडायला लागली. एक गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. बाह्यांखालची कातडी सोलवटून निघाली होती.

"मी आले," ती म्हणाली. आधी मराठीत, मग जर्मनमध्ये. "मी आलेय, फ्राउ फोस. उशीर झाला. माफ करा."

 फ्राउ फोसांचा पाय वेडावाकडा पडला होता आणि ओठ पांढरे झाले होते.

तेवढ्यात गाडी वर चढल्याचा आवाज आला. अनुयाला दार बंद करून घ्यायचं सुचलं आणि त्याच क्षणी लक्षात आलं की बोल्ट बाहेरून आहे.

पावलं काचांवरून आली. ग्रॅहम दारात उभा राहिला. कोटावरून पाणी निथळत होतं. त्याने ब्लँकेटकडे पाहिलं, सुटलेल्या पट्ट्याकडे पाहिलं.

"काच तुम्ही फोडलीत?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"हो."

"सांगितलं असतंत तर मी किल्ली दिली असती."

 ओरडला असता तर बरं झालं असतं असं अनुयाला वाटलं. फोन बोळात, त्याच्या पाठीमागे होता.

"मला फोन करायचाय," ती म्हणाली.

"आपण आधी जरा बोलू या का?" तो हलला नाही. "ती रस्त्यावर जाते. सप्टेंबरात रांगत जिन्यापर्यंत गेली, माहितेय तुम्हाला? मला कामावर जावं लागतं. मी मदतीला माणसं मागितली, रांग आहे म्हणाले. मी मारलेलं नाही तिला. कधीच नाही. मी तिला रोज आंघोळ घालतो, भरवतो. पडू नये म्हणून बांधत होतो."

"बाजूला व्हा."

"प्लीज. तुम्ही शांत व्हा, मी चहा..."

"बाजूला व्हा, ग्रॅहम."

तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. किती वेळ, ते तिला नंतर पोलिसांनाही सांगता आलं नाही. उंच माणूस, अरुंद दार, आणि बाहेर वारा असा की किंचाळली असती तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. मग तो भिंतीला पाठ लावून सरकला. त्याच्या अंगाला अंग न लागू देता ती बाहेर पडली आणि तिने इमर्जन्सीचा एक-एक-एक नंबर फिरवला. पत्ता सांगताना तिचं इंग्रजी पार कोलमडलं. तिने तो दोनदा सांगितला. ग्रॅहम तिच्यासमोर, बोळातल्या फरशीवर, ओल्या ब्लँकेटशेजारी बसून होता. ती त्याच्याकडे पाठ करायला धजावली नाही.

फ्राउ फोसांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, त्या वाचल्या, पण परत त्या घरी गेल्या नाहीत. हॉस्पिटलमधून त्यांना एका नर्सिंग होममध्ये हलवलं. पोलिसांनी जबाब घेतले. ग्रॅहमवर खटला भरला नाही, ताकीद मिळाली. डेअरीची मालकीण अनुयाशी बोलेनाशी झाली. महिन्याभरात खालचा फ्लॅट सोडायची नोटीस आली, फार सभ्य भाषेत लिहिलेली. काशिनाथने ती वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"आधी ऐकायला हवं होतं मी तुझं," एवढंच तो म्हणाला. परीक्षा त्याने त्याच महिन्यात दिली आणि पास झाला.

अनुया शनिवारी नर्सिंग होममध्ये जायची. चौथ्या भागापर्यंत वाचून झालं. काव्य जिथे तुटतं तिथे फ्राउ फोस हात वर करून थांबवायच्या, आणि पुन्हा पहिल्या पानाकडे बोट दाखवायच्या. एक दिवस तिथल्या नर्सने सहज सांगितलं, रविवारी मुलगा येतो. "तो आला की त्या त्याचा हात सोडत नाहीत."

"घाबरत नाहीत त्याला?"

"छे. का?"

 त्या दिवशी वाचताना अनुयाचं मन थाऱ्यावर नव्हतं. तिने दोनदा ओळ चुकवली आणि दोन्ही वेळा फ्राउ फोसांनी जीभ टाळ्याला लावून च्‌च्‌ केलं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात फ्राउ फोस झोपेतच गेल्या. अंत्यविधीला पंधरा-वीस माणसं होती. ग्रॅहमने निरोप पाठवला होता, जमलं तर थोडं वाचाल का. अनुया वाचायला उभी राहिली. पहिल्या रांगेत तो बसला होता, त्याच कोटात, गुडघ्यांवर हात ठेवून.  पंक्तीचा प्रसंग तिने वाचला, सुगंधी पाण्याचा आणि मेणबत्त्यांचा. समोर बसलेल्यांतल्या कुणालाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

बाहेर पडताना ग्रॅहम दारापाशी उभा होता. प्रत्येकाचे आभार मानत होता. तिच्यापुढे त्याने हात केला.

"तुम्ही होतात म्हणून..." तो म्हणाला.

अनुयाने मान हलवली. हात पुढे केला नाही. काशिनाथने केला.

 गाडी मोटरवेला लागल्यावर काशिनाथने विचारलं, "अजून राग आहे त्याचा?"

"राग नाही हो," अनुया म्हणाली. "मला अजून त्याची भीती वाटते." मग खिडकीबाहेर बघत, "पडू नये म्हणून बांधायचा, ते तो खोटं बोलत नव्हता. म्हणून जास्त वाटते."